कटऑफच्या मागे कोणाचा पैसा असतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यात आणि नवी मुंबईत महिना-दीड महिना एकच भाषा चालते. ‘सायन्स ब्याण्णवला क्लोज झालं.’ ‘कॉम्प्सला पंच्याण्णव तरी लागतील.’ ‘पहिल्या यादीत नाही लागलं तर मॅनेजमेंटमधून बघू.’ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कटऑफच्या पीडीएफ फिरतात, आणि त्या आकड्यांवरून आपण धरून चालतो की ब्याण्णवचं कॉलेज सत्तरच्या कॉलेजपेक्षा चांगलं शिकवत असणार.

कटऑफमध्ये शिकवण्याची माहिती नसते. ज्या शेवटच्या मुलाला जागा मिळाली त्याचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. आत गेल्यावर मुलांना काय मिळतं, हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच प्रश्नावर ठरतं: तिथल्या शिक्षकांचा पगार कोण देतं? सरकार, की मुलांची फी? प्रवेशाची चुरस आणि शिक्षणावरचा खर्च या दोन गोष्टींबद्दल आपल्याकडे वेगवेगळं बोललं जातं. त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर दिसतं की सरकारी पैसा जिथे निवड सगळ्यात कडक तिथे सगळ्यात जास्त पोचतो, आणि बहुतेक मुलं जिथे शिकतात तिथे तो आटत चालला आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. ते कसं घडतं, हे पालकांना आकड्यांसकट माहीत असायला हवं.

कटऑफ चढतो कसा

अकरावीपासून सुरुवात करू. समजा सायन्सची १२० जागांची तुकडी आहे. ऑनलाइन केंद्रीय प्रवेशाला या सगळ्या जागा येत नाहीत. १० टक्के इन-हाऊस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना. ५ टक्के व्यवस्थापन कोटा. १८ जागा गेल्या, १०२ उरल्या. आता हेच कॉलेज अल्पसंख्याक दर्जाचं असेल, तर आणखी ५० टक्के, म्हणजे ६० जागा त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव. उरल्या ४२. कोट्यातल्या न भरलेल्या जागा पुढच्या फेऱ्यांत परत येतात खऱ्या, पण पहिली यादी लागते तेव्हा एका कॉलेजात १०२ जागांसाठी चढाओढ असते आणि दुसऱ्यात ४२. शिक्षक तितकेच चांगले, प्रयोगशाळा तितकीच बरी, तरी दुसऱ्याचा कटऑफ वर जाणार. त्यात प्रत्येक प्रवर्गाची यादी वेगळी लागते. आपण ज्याला ‘कॉलेजचा कटऑफ’ म्हणतो तो बहुतेक वेळा खुल्या गटातल्या उरलेल्या मोजक्या जागांचा कटऑफ असतो.

रेल्वेही कटऑफ ठरवते. ठाणे स्टेशनला आसनगाव, टिटवाळा, बदलापूरकडची मुलं उतरतात. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या मुलांनाही ठाण्याचं कॉलेज आवाक्यात आलं. स्टेशनपासून चालत जाता येणाऱ्या कॉलेजला अर्जही तेवढेच जास्त येतात. तेच कॉलेज स्टेशनपासून दोन बस लांब असतं, तर त्याचा कटऑफ बराच खाली दिसला असता.

या चुरशीचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. २०२५ मध्ये अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदा राज्यभर झाला. तेव्हा राज्यातल्या एकूण जागा अर्जांपेक्षा कितीतरी जास्त होत्या आणि लाखो जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे जागा कमी नाहीत. पालक विश्वासाने मूल पाठवतील अशा जागा कमी आहेत. हा विश्वास मोजक्या नावांभोवती गोळा झाला की तिथला कटऑफ चढतो, चढलेल्या कटऑफमुळे नाव आणखी मोठं होतं, आणि पुढच्या वर्षी अर्ज आणखी वाढतात. हे चक्र चालू राहायला शिकवण्यात तसूभरही सुधारणा व्हावी लागत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं तर राज्याची सीईटी द्यावी लागते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात पंच्याण्णव गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरातली पंच्याण्णव मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून तुलना आधी त्या सत्रापुरती करतात आणि मग एकत्र गुणवत्ता यादी लावतात.

२०२५ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक मुलांनी दिली. म्हणजे एक पर्सेंटाइल चार हजारांवर मुलांचा असतो. ९४ ते ९५ एवढासा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण त्या फटीत चार हजार मुलं उभी असतात आणि त्यांच्यातला खरा फरक दोन-चार प्रश्नांचा असू शकतो. त्या दोन-चार प्रश्नांवर कोणी माटुंग्याला जातं, कोणी कासारवडवलीला, कोणी नेरूळला, कोणी खारघरला. एवढ्या बारीक फरकावरून ‘हुशार’ आणि ‘साधारण’ अशी मुलांची वाटणी करणं मला कधीच पटलेलं नाही.

हे दोन-चार प्रश्न कुठून येतात? पुष्कळदा क्लासमधून. ठाण्यात आणि नवी मुंबईत ‘इंटिग्रेटेड’ची पद्धत आता घट्ट बसली आहे. मुलाचं नाव एखाद्या ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर कोचिंग क्लासमध्ये. दोन वर्षांचा खर्च लाखांत जातो. ज्याला तो परवडतो त्याच्या मुलाला रोज टेस्ट, चुकांची छाननी, शंका विचारायला माणूस मिळतो. शहापूर-मुरबाडकडून पहाटेची लोकल पकडून येणाऱ्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. परीक्षा सगळ्यांना एकच असते, तयारीसाठी मिळालेले तास आणि माणसं मात्र घरच्या पैशावर ठरतात.

अर्ज भरताना एक गैरसमज दर वर्षी भेटतो, तोही सांगते. आमच्याकडे ओळखीतली मुलं ऑप्शन फॉर्म भरायला येतात. गेल्या खेपेला कळव्याची एक मुलगी फोनवर यादी करून आली होती. तिने सगळ्यात आवडतं कॉलेज सातव्या क्रमांकावर टाकलं होतं. का, म्हटलं, तर ‘तिथे लागणार नाही ना, मग वरची जागा फुकट जाईल.’ तसं होत नाही. संगणक गुणवत्ता यादीच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या पहिल्या पसंतीपासून खाली बघत जातो. जिथे जागा शिल्लक सापडेल तिथे थांबतो. पहिली पसंती मिळाली नाही म्हणून तिसरीवरचा हक्क जात नाही. उलट २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली, तर ती घ्यावीच लागायची. त्यामुळे नको असलेलं कॉलेज ‘सेफ’ म्हणून वर ठेवणं महागात पडतं. आवडीच्या खऱ्या क्रमाने भरायचं, कटऑफच्या क्रमाने नाही. त्या मुलीची यादी आम्ही तिथल्या तिथे उलटी-पालटी केली.

एकाच इमारतीतल्या दोन पावत्या

आता पैशाकडे येऊ. ठाण्या-वाशीतल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर प्रवेशाच्या दिवसांत फीचा तक्ता लावलेला असतो. तो नीट वाचा. साध्या बीकॉमची किंवा बीएस्सीची वर्षाची फी साधारण सात-आठ हजार. त्याच्याच खाली बीएस्सी आयटी, अकाउंटिंग अँड फायनान्स, मॅनेजमेंट स्टडीज. फी पंचवीस-तीस हजार, कधी त्याहून जास्त. इमारत एक, ग्रंथालय एक, विद्यापीठ एक. मग चौपट फी का? कारण पहिली तुकडी अनुदानित आहे आणि दुसरी विनाअनुदानित. अनुदानित तुकडीच्या मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. विनाअनुदानित तुकडीचा पगार, वीज, कॉम्प्युटर, सगळं मुलांच्या फीतून निघतं. अशा अभ्यासक्रमांना आपण ‘सेल्फ फायनान्स’ म्हणतो.

ही विभागणी मुलांच्या गुणांवरून झालेली नाही. ती वर्षावरून झाली आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर महाराष्ट्रातली मुलं इंजिनिअरिंगसाठी कर्नाटकात जात होती. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता, संस्थाचालक पुढे यायला तयार होते. पुढे २००१ नंतर नव्या कॉलेजांना आणि नव्या अभ्यासक्रमांना परवानगी ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवरच मिळू लागली. म्हणजे त्याआधी सुरू झालेल्या विषयाच्या शिक्षकाचा पगार सरकार देईल, नंतरच्या विषयाच्या शिक्षकाचा देणार नाही. इतिहास आणि रसायनशास्त्र अनुदानात, आयटी आणि डेटा सायन्स फीवर. ज्या विषयांत आज नोकऱ्या आहेत तेच विषय गरीब मुलाला महाग झाले, ते असे.

ठाणे आणि नवी मुंबई शेजारी असूनही वेगळी का दिसतात, तेही यातून उलगडतं. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५ चं. खाडीकाठी चेंदणीला त्यांचं जोशी-बेडेकर कॉलेज १९६९ मध्ये आणि बांदोडकर सायन्स कॉलेज १९७६ मध्ये सुरू झालं, सरकार अनुदान देत होतं त्या काळात. वाशीत रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय १९७९ चं. नवी मुंबईचा बाकीचा पसारा मात्र नंतर वाढला. सिडकोची स्थापनाच १९७० ची. भूखंड पाडले गेले, वसाहती उभ्या राहिल्या, आणि नेरूळ, ऐरोली, खारघर, कामोठ्याला मोठमोठ्या शिक्षणसंकुलांची रांग लागली ती सरकारने हात आखडता घेतल्यानंतर. तिथलं बहुतेक व्यावसायिक शिक्षण म्हणूनच फीवर चालतं. देशभरातही चित्र असंच आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशातली जवळपास ६५ टक्के कॉलेजं खाजगी विनाअनुदानित आहेत.

अनुदानित म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. शिक्षक निवृत्त होतो, पद रिकामं होतं आणि ते भरायची परवानगी वर्षानुवर्षं येत नाही. २०१८ मध्ये परवानगी आली तीसुद्धा रिक्त पदांपैकी ४० टक्क्यांपुरती. मग तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे ‘सीएचबी’ म्हणतात, माणसं घेतली जातात. घेतलेल्या तासांचे पैसे. परीक्षेच्या काळात, सुटीत काही नाही. बिल निघायला महिने लागतात. प्राध्यापकपदाच्या नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी केलेली माणसं सकाळी ठाण्याला दोन तास घेऊन दुपारी कल्याणला किंवा ऐरोलीला जातात. ती जीव तोडून शिकवतात, पण तास संपला की पुढची लोकल गाठायची असते. विद्यार्थ्याने कॉरिडॉरमध्ये गाठून शंका विचारावी, तर सर पोचलेले असतात स्टेशनवर. महाविद्यालयीन शिक्षणाचं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते इथे होतं आहे. ते कुठल्याही कटऑफमध्ये दिसत नाही.

गुणांनी मोजायचं की पैशाने

वैद्यकीय शिक्षणात हे सगळं अगदी उघड दिसतं. कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते ठाणे महापालिका चालवते, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं. तिथून नेरूळ तासाभराच्या अंतरावर; तिकडे अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं मेडिकल. दोन्हीकडे ‘नीट’ ही एकच प्रवेश परीक्षा लागते, दोन्हीकडे एमबीबीएसच मिळतं. पालिकेच्या कॉलेजची फी अभिमतच्या फीचा छोटासा अंश असते; अभिमत विद्यापीठांत एका वर्षाची फी वीस लाखांच्या वर जाते. २०२५ मध्ये देशात २२ लाखांवर मुलांनी नीट दिली. साहजिकच कमी फीच्या जागांवर उड्या पडतात, त्या खूप वरच्या गुणांना संपतात, आणि अभिमतच्या जागा त्याच्या कितीतरी खालच्या गुणांपर्यंत मिळत राहतात.

म्हणजे खर्च सरकार उचलतं तिथे प्रवेशाची किंमत गुणांत मोजली जाते, आणि घर उचलतं तिथे रुपयांत. कमी फीच्या जागा वाढल्या तर त्यांचा कटऑफ उतरेल, कारण तो टंचाईचाही आकडा आहे. इंजिनिअरिंगमध्ये ट्यूशन फी माफीच्या, टीएफडब्ल्यूएसच्या, जागा पाहा. मंजूर संख्येच्या वर ५ टक्के, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. वर्ग तोच, बाक तोच, पण त्या जागांचा कटऑफ त्याच शाखेच्या नेहमीच्या जागांहून बहुधा वर असतो.

आता पवईकडे बघू. ऐरोलीचा पूल ओलांडला की आयआयटी मुंबई फार लांब नाही. २०२५ मध्ये जेईई मेन, म्हणजे आयआयटीच्या वाटेवरची पहिली परीक्षा, १४ लाखांहून अधिक मुलांनी दिली; सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या १८,१६०. इतकी कडक निवड जगात थोड्याच ठिकाणी होत असेल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयआयटींसाठी ११,३४९ कोटी रुपये ठेवले होते, आणि २३ आयआयटींत मिळून १.३५ लाख विद्यार्थी असल्याचं त्याच अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितलं गेलं. भागाकार करा: विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ८ लाख ४० हजार. त्याच अर्थसंकल्पात पीएम-उषा या योजनेला, म्हणजे राज्यांची विद्यापीठं आणि कॉलेजं सुधारण्यासाठी केंद्र जी मदत देतं तिला, सुमारे १,८१५ कोटी. देशात उच्च शिक्षण घेणारी मुलं २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ४ कोटी ३३ लाख होती. त्यात आयआयटीतली मुलं हजारी तीन.

आकडे प्रामाणिकपणे वाचायचे तर दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. आयआयटीच्या रकमेत संशोधन, प्रयोगशाळा, नव्या इमारती हेही येतं. ती सगळी बीटेकच्या मुलांवर खर्च होत नाही. आणि राज्यातल्या अनुदानित कॉलेजांचे पगार राज्य सरकार वेगळे देतं, ते पीएम-उषात धरलेले नाहीत. आयआयटींचा पैसा कापावा असं मी म्हणत नाही. देशाला तशा संस्था हव्यातच, आणि तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना ट्यूशन फी पूर्ण माफ असते, हे चांगलंच आहे. पण अंतर इतकं प्रचंड आहे की सगळी सूट देऊनही ते मिटत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करायला सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहावा लागला, कारण मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत आपण तिथे पोचलो नाही.

राज्यांना केंद्राची मदत मिळते तीही स्पर्धेतून. २०१३ ची रुसा योजना आणि २०२३ पासूनची पीएम-उषा, दोन्हींत प्रस्ताव द्यायचा, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची श्रेणी दाखवायची, मग निधी. ज्या कॉलेजकडे आधीच चांगली प्रयोगशाळा, पूर्णवेळ शिक्षक आणि कागदपत्रं नीट लिहिणारं ऑफिस आहे त्याची श्रेणी चांगली येते. ज्याला निधीची खरी गरज आहे त्याच्याकडे अर्ज लिहायलाच माणूस नसतो.

निवड कडक म्हणून कॉलेज चांगलं?

या प्रश्नावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. तिथली विषमता आपल्यापेक्षा जुनी आणि मोठी. हार्वर्ड अर्ज करणाऱ्या शंभरातल्या साधारण चारांनाच घेतं आणि त्याचा कायमनिधी २०२४ मध्ये ५३ अब्ज डॉलरच्या आसपास होता; दुसरीकडे सरकारी कम्युनिटी कॉलेजं येईल त्याला घेतात आणि तुटपुंज्या पैशात चालतात.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक साधी पण हुशार तुलना केली. सारख्याच कडक निवडीच्या कॉलेजांत ज्यांची निवड झाली होती, पण ज्यांतल्या काहींनी कमी कडक कॉलेज पत्करलं, अशा विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी पाहिली. कमाईत फारसा फरक सापडला नाही. म्हणजे नामांकित कॉलेजच्या मुलांचं पुढे जे भलं होतं त्यातलं पुष्कळसं श्रेय कॉलेजने कोणाला निवडलं याला जातं. अपवाद कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचा: त्यांना चांगल्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. ज्यांना सर्वात जास्त उपयोग होतो तीच मुलं दारात अडतात, हे मला यातलं सगळ्यात बोचणारं वाटतं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की प्रवेश परीक्षेत गुण सारखे असले तरी सर्वात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं हार्वर्डसारख्या मोजक्या विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. त्यांच्याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात गरीब घरातून वरच्या थरात सर्वाधिक मुलं नेणाऱ्या संस्थांत न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी युनिव्हर्सिटीसारखी, फारसा दबदबा नसलेली, भरपूर मुलं घेणारी कॉलेजं होती.

हे महाराष्ट्राला नवं वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कोणाला बाहेर ठेवायचं हा हिशोबच नव्हता. ‘कमवा आणि शिका’ म्हणत गावोगावची पोरं आत घेतली, वसतिगृहात ठेवली, शिकवली. त्या परंपरेतलं कॉलेज आज वाशीत तुर्भ्याच्या, घणसोलीच्या मुलांना शिकवतं. अशा कॉलेजांतली पदं भरणं हा मला या विषयातला सगळ्यात तातडीचा सरकारी खर्च वाटतो.

प्रवेश घेताना काय विचारायचं

फीत सवलती आहेत, त्या सोडू नका. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. एक अट महत्त्वाची: प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर सवलत हातची जाते. लोकलचा पास, वसतिगृह, लॅपटॉप यांचा खर्च मात्र घरावरच राहतो. उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधी काढून ठेवा; निकालानंतर सेतू केंद्रावर रांग वाढते आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा सवलतीचा अर्ज त्यावाचून अडतो.

कॉलेज बघायला गेलात की कटऑफ विचारून परत येऊ नका. ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारा. या विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तरी माहिती सापडते. नॅक मूल्यांकन झालेलं प्रत्येक कॉलेज दर वर्षी गुणवत्ता अहवाल पाठवतं आणि तो कॉलेजच्या वेबसाइटवर, बहुधा ‘आयक्यूएसी’ या शीर्षकाखाली, ठेवलेला असतो. त्यात पूर्णवेळ शिक्षकांची आणि मंजूर पदांची संख्या असते. लागोपाठ तीन वर्षांचे अहवाल उघडून तेवढे दोनच आकडे शेजारी लिहा. इंजिनिअरिंगसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी बघता येते. काउंटरवर सांगितलेली रक्कम तिच्याशी ताडून पाहा, आणि जास्तीचे पैसे मागितले तर कशाचे ते पावतीवर लिहून मागा.